रुग्णाने डोळे उघडायचे नाहीत

बुधवारी शेवटचा तास संपला की स्टाफरूममध्ये माझ्यासाठी चहाचा कप भरून तयार असतो. हे प्रेम माझ्यावरचं नाही, हे मी जाणून आहे. बुधवारचा शेवटचा तास स्काउट-गाइडचा, आणि त्या तासाला काहीतरी घडल्याशिवाय राहत नाही, हे आता सगळ्यांना कळलंय. गणिताच्या तासाला घडून घडून काय घडणार? फार तर एखाद्याचं उत्तर चुकणार. आमच्याकडे दोर, काठ्या, काड्यापेटी, शिट्ट्या आणि आठवी ते दहावीची पोरं, एवढं सगळं एकाच मैदानात असतं. मग किस्से साठत जातात. सांगितले तर लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावते. लावत नाही हो, लावायची गरजच पडत नाही.

आमची शाळा शिक्रापूर आणि कारेगावच्या मधे, हायवेला लागून. निम्मी मुलं आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची, निम्मी कंपन्यांत कामाला आलेल्यांची, भाड्याच्या खोल्यांतली. गणवेशाच्या बाहीवर शिवलेले छोटे गोल बॅज तुम्ही पाहिले असतील. स्वयंपाकाचा एक, बागकामाचा एक, प्रथमोपचाराचा एक. प्रत्येकाची वेगळी परीक्षा, आणि परीक्षक बाहेरचा. ठरावीक बॅज मिळाले की राज्य पुरस्काराच्या शिबिराला नाव जातं. हे सगळं दहावी संपायच्या आत. शाळा सुटली की विषय संपला.

माझ्या गाइडच्या मुलींत प्रतीक्षा नावाची एक मुलगी होती. घर मूळचं मेंढपाळांचं. आता शेती बागायती झालीय, पण दारात मेंढ्या अजून आहेत. तिला मी नववीत सहज विचारलं, तुला हा पुरस्कार एवढा कशाला हवाय? ती म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकिटं हायेत. पण सगळी एडक्याची हायेत. माणसाचं एकबी न्हाई."

प्रदर्शनात पहिला आलेला त्यांचा एडका मलाही माहीत होता, त्यामुळे मी हसले. ती हसली नाही. मग मीही हसणं थांबवलं.

*

प्रतीक्षा आठवीत असतानाची गोष्ट. स्काउट-गाइड एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, हे मी पहिल्याच तासाला शिकवते. प्रतीक्षा घरी गेली आणि तिने थेट आजोबांपुढे डावा हात केला. तोही ओसरीवर पाव्हणे बसलेले असताना!

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा, आप्पा, शाळेत हजर. डोक्याला पागोटं, हातात काठी. त्यांनी मला एवढंच विचारलं, की बाई, पोरीला तुम्ही नेमकं काय शिकवताय? मी त्यांना खुर्ची दिली आणि जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी लढवय्ये डाव्या हातात ढाल धरायचे. ढाल खाली ठेवून तो हात पुढे करायचा, म्हणजे माझा तुझ्यावर विश्वास आहे असा अर्थ.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. आपल्या उजव्या हातातल्या काठीकडे बघितलं. म्हणाले, "आमच्या उजव्या हातात कायम काठी. मोकळा ऱ्हातो त्यो डावाच. म्हंजी आमी आधीपासनं तुमच्यातलंच हाव की."

आणि त्यांनी माझ्यापुढे डावा हात केला. मग ऑफिसात जाऊन मुख्याध्यापकांपुढेही केला. मुख्याध्यापकांना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. ते अजून मला अधूनमधून विचारतात, की तो म्हातारा त्या दिवशी आपल्यावर कशामुळे चिडला होता.

*

शिट्टीचे आमचे इशारे ठरलेले असतात. एक लांब शिट्टी म्हणजे असाल तिथे थांबा, सावधान. तोकड्या तोकड्या शिट्ट्या म्हणजे चला. हे मी इतकं घोटून घेतलं होतं, की पोरं झोपेतसुद्धा सावधान झाली असती.

हाइकला निघालो होतो. शिक्रापूरचा चौक ओलांडायचा होता. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कंटेनर, कंपन्यांच्या बस, उसाचे ट्रॅक्टर, आणि सगळ्यांना एकदमच जायचं असतं. आमची रांग रस्त्याच्या बरोबर मधोमध आली आणि ट्रॅफिकच्या हवालदारांनी एका डंपरकडे बघून लांबलचक शिट्टी मारली.

डंपर थांबला नाही. माझी पोरं थांबली. टाचा जुळवून, हनुवट्या वर करून, भर चौकात सावधान! मी ओरडतेय, अरे चला, चला. पण तोंडी हुकूम त्यांच्या नियमात बसत नव्हता आणि माझी शिट्टी पर्समध्ये डब्याच्या खाली गेलेली. चारी बाजूंनी हॉर्न. एकही पोरगं हललं नाही.

हवालदार आमच्याकडे यायला लागले. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवली. ते जवळ आले, रांगेकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, या चौकात माझ्या शिट्टीवर आज पहिल्यांदा कुणीतरी थांबलंय. राहू द्या थोडा वेळ."

*

स्वयंपाकाच्या बॅजला दोनच काड्यांत चूल पेटवावी लागते. आमची निम्मी मुलं गॅसवर वाढलेली. एकाने गुपचूप लायटर आणला होता आणि तो सरपणाला लावून टकटक करत बसला होता. दुसरा भाग आणखी अवघड, बिनभांड्याचा स्वयंपाक. तवा नाही, पातेलं नाही, परात नाही.

परीक्षक होते बबनमामा. आमच्या भागातल्या निम्म्या लग्नांचा स्वयंपाक त्यांच्या हातचा, त्यामुळे एरवी त्यांच्याभोवती भांडीच भांडी. पोरांची धडपड बघून त्यांनाच घाम फुटला. कुणाचे बटाटे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे. कुणाची भाकरी दगडाला अशी चिकटली की दगडासकट तपासायची वेळ आली. प्रतीक्षाची भाकरी कडेने का होईना, सुटली, आणि ती जेमतेम पास झाली.

गुड्डू शेवटी बसला होता. नववीतला, उत्तर प्रदेशातून आलेल्या घरातला, अंगाने काडी. त्याने गोवऱ्या पेटवल्या, केळीच्या पानावर कणीक मळली, आत सातूसारखं भाजलेलं पीठ भरलं आणि गोळे सरळ निखाऱ्यात ढकलले. नंतर राख झटकून एक मामांच्या हातावर ठेवला. मामांनी फोडून खाल्ला. परत दुसरा मागितला. परीक्षकाने दुसरा घास मागायची आमच्याकडे पद्धत नाही.

"कुणी शिकवलं रे?" मामांनी विचारलं.

"पापाने. कंपनी में लगे तब रूम पे बर्तन नहीं था ना," गुड्डू म्हणाला आणि तिसरा गोळा राखेतून काढायला लागला.

बबनमामांनी त्याला पास केलं, आणि त्या दिवशी आणखी कुणालाही नापास केलं नाही. लायटरवाल्यालासुद्धा.

*

बागकामाच्या बॅजला स्वतः वाफा तयार करून काही महिने राखावा लागतो. प्रतीक्षाने घरामागे मेथी, कोथिंबीर, कडेने झेंडू असा झकास वाफा केला होता. मी स्वतः बघून आले होते. परीक्षेच्या दिवशी सकाळी एक मेंढी सुटली आणि तिने तो मुळापासून साफ केला.

दुसरी एखादी रडत आली असती. ही त्या मेंढीला दावं लावून शाळेत घेऊन आली. परीक्षक कृषी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, फार शिस्तीचे. प्रतीक्षा त्यांना म्हणाली, "सर, वाफा हिच्या पोटात हाय."

त्यांनी चष्मा लावला. मेंढीभोवती एक फेरी मारली. मग अगदी गंभीरपणे विचारलं, की खत कोणतं वापरलं होतं?

"हिच्याच लेंड्या."

"म्हणजे माल बाहेर गेलेला नाही," ते म्हणाले. "पण बाळ, हा बॅज बागकामाचा आहे, मेंढीपालनाचा नाही."

झालं, पुन्हा पेरणी. पुन्हा तेवढे महिने. बागकामाचा बॅज मिळेपर्यंत प्रतीक्षा दहावीत गेली, आणि शेवटचा उरलेला प्रथमोपचाराचा बॅज पार दसऱ्यापर्यंत ढकलला गेला. शिबिराला नावं पाठवायची मुदतही तेव्हाच संपत होती. म्हणजे एकच परीक्षा, आणि हुकली तर परत नाही. मला मनातून फार वाईट वाटत होतं, कारण तेव्हापासून ती पोरगी मैदानावर गप्प गप्प असायची.

*

गप्प असली तरी हात चालू होते. घरी जो समोर येईल त्याला ती पट्टी बांधायची. बाकीचे शेतात जायचे, त्यामुळे आप्पाच तावडीत सापडायचे. एका दुपारी तिने त्यांचं डोकं बांधलं, दोन्ही हात झोळीत घातले, एका पायाला फळी लावली आणि ती माझ्या जादा तासाला निघून आली. आप्पांना तेवढ्यात बाजेवर झोप लागली.

दूधवाल्याने ते बघितलं. आता दूधवाला म्हणजे दहा वस्त्यांचा फोन. चहाच्या वेळेपर्यंत बातमी सगळीकडे. आजाऱ्याला भेटायला आपल्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, त्यामुळे बिस्किटाचे पुडे, केळी, शहाळी, सगळं बाजेखाली साठायला लागलं. आप्पा जागे झाले, पण काही बोलले नाहीत. लोकांना वाटलं, मार जबर आहे.

प्रतीक्षा घरी आली आणि तो सोहळा बघून पट्ट्या सोडायला धावली. आप्पांनी तिला डोळ्याने थांबवलं. "ऱ्हाऊ दे. थोरल्या भावाकडचं आजून कुणी आलं न्हाई."

बांधावरून त्यांचं आणि थोरल्या भावाचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. दिवेलागणीला भाऊ आले. शहाळं घेऊन आले आणि बराच वेळ बसले. पट्ट्या कशाच्या होत्या हे घरात अजून कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

*

आता परीक्षेचा दिवस. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे कंपन्यांत मशिनची पूजा. सकाळपासून हायवेवर झेंडूच्या गाड्या चाललेल्या. प्रथमोपचाराचे परीक्षक डॉक्टर होते, तरुण आणि उत्साही. ते म्हणाले, मैदानात कुठे अपघात होतात का मॅडम? आपण रस्त्याच्या कडेला घेऊ. परीक्षक समोर दिसला की मुलं घाबरतात, म्हणून आपण कंपाउंडच्या आत उभं राहू.

भिंतीबाहेर, रस्त्यापासून लांब, आम्ही शिपायांची जुनी मोटरसायकल आडवी केली. शेजारी गुड्डूला झोपवलं. वजनाला हलका म्हणून तो सगळ्यांचा ठरलेला रुग्ण. कपाळाला आणि पायाला लाल शाई. मी त्याला बजावलं, "तू बेशुद्ध आहेस. काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत आणि बोलायचं नाही." मग मी आणि डॉक्टर आत जाऊन बाकावर चढलो आणि भिंतीवरून बघायला लागलो.

प्रतीक्षा आणि तिच्या दोन मैत्रिणींनी फार छान सुरुवात केली. श्वास बघितला, डोक्याला पट्टी बांधली, पायाला फळी लावली, दोन काठ्या आणि चादर घेऊन स्ट्रेचर तयार केलं. आता रुग्णाला उचलून सुरक्षित जागी न्यायचं तेवढं राहिलं होतं. डॉक्टर मला हळूच म्हणाले, हे जमलं की झालं.

तेवढ्यात करकचून ब्रेक लागला. झेंडूने भरलेला एक टेम्पो थांबला आणि त्यातून टेम्पो चालवणारे एक मामा आणि मागे बसलेले दोघे जण उड्या मारून धावत आले. या रस्त्यावर अपघात काही नवा नाही. उचलायच्या आधी इथे कुणी नाव-गाव विचारत बसत नाही.

पुढचं बोलणं रस्त्याच्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही, ते नंतर तिच्या मैत्रिणींनी सांगितलं. प्रतीक्षा म्हणाली, मामा, हे खोटं आहे, आमची परीक्षा चाललीय. पण परीक्षेच्या धास्तीने तिचा आवाज कापत होता आणि चेहरा पांढराफटक पडलेला. मामांना वाटलं, पोरीला धक्का बसलाय. त्यांनी तिची समजूत घातली आणि दोघांनी गुड्डूला हातापायाला धरून उचललं. त्याची मान मागे लोंबकळली. गुड्डूने डोळे उघडले नाहीत.

मग प्रतीक्षा ओरडली. ते मात्र आम्हाला भिंतीआडून ऐकू आलं. "खाली ठेवा त्याला! मान कुणी धरायची?"

तिघे बाप्ये जागच्या जागी थांबले. तिने एकाला कमरेशी उभं केलं, एकाला गुडघ्याशी, मामांना दुसऱ्या बाजूला. डोकं स्वतः दोन्ही हातांत धरलं. मी सांगेन तेव्हाच उचलायचं, म्हणाली. गुड्डू स्ट्रेचरवर गेला, स्ट्रेचर टेम्पोत झेंडूवर गेलं, डोकं सोडता येईना म्हणून प्रतीक्षाही वर चढली, आणि टेम्पो निघून गेला.

आम्ही बाकावरून बोंबलतोय, पण ट्रकच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? फाटक शाळेच्या पलीकडच्या बाजूला. वळसा घालून पोचलो तर मोटरसायकल, एक चप्पल आणि हातात पट्टीचं भेंडोळं घेतलेल्या दोन मुली, एवढंच शिल्लक.

"पेशंट कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हेला."

"आणि परीक्षा देणारी?"

"ती बी गेली."

मी डॉक्टरांना स्कूटीवर मागे बसवलं आणि शिक्रापूर गाठलं. पहिल्या दवाखान्यात कुणी नाही. दुसऱ्याच्या पायऱ्यांवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. आत गुड्डू बेडवर, डोळे मिटलेले, आणि सिस्टर सलाईनची तयारी करतायत. तिथले डॉक्टर विचारत होते, की याला आधी कुठल्या हॉस्पिटलला नेलं होतं? ड्रेसिंग तर व्यवस्थित झालंय. प्रतीक्षा रडवेली होऊन सांगत होती, की सर, हे सगळं खोटं आहे. पण पेशंटच डोळे उघडेना, मग तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? टेम्पोत तिने त्याला चिमटेसुद्धा काढले होते. गुड्डूला वाटलं, ही पण परीक्षाच.

आमचे डॉक्टर पुढे झाले आणि परीक्षा संपली म्हणाले. तेव्हा गुड्डूने डोळे उघडले. मी त्याला विचारलं, अरे, सुई टोचणार होते, तरी तू उठला नाहीस?

"आपने बोला था ना, मॅम," तो म्हणाला.

मग डॉक्टरांनी मामांना विचारलं, की रुग्णाला उचललं कुणी? मामा म्हणाले, उचललं आम्हीच, पण या पोरीने सांगितलं तसं. लई वरडली आमच्यावर. डॉक्टर हसले आणि तिथेच बाकावर बसून त्यांनी सही केली. प्रतीक्षाने तो कागद दोन्ही हातांनी धरला आणि ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

आता मामांना खरं काय ते सांगणं माझ्याकडे आलं. टेम्पोतली फुलं चेपून गेली होती, कारेगावच्या कंपन्यांत माल वेळेवर पोचायचा होता आणि त्यांचा फोन सारखा वाजत होता. ते पार दौंडकडून, भांडगावच्या बाजूने आलेले. मी हात जोडून म्हणाले, मामा, खरंच परीक्षा होती, तुमचा फार खोळंबा झाला. आता हे चिडणार, म्हणून मी वाट बघत उभी राहिले.

"खोटं व्हतं व्हय?" मामा म्हणाले. "बरं झालं."

त्यांनी वाजणारा फोन बंद करून खिशात टाकला. टेम्पोतल्या दोघांनाही खाली बोलावलं. मग गुड्डूला म्हणाले, "बाळा, जरा परत आडवा हो." आणि प्रतीक्षाकडे वळले. "ती मान कशी धरायची, ते आमाला पुन्ना एकदा दाव."

गुड्डूने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर आडवा झाला आणि त्याने डोळे मिटून घेतले. प्रतीक्षाने डोळे पुसले, मामांचे दोन्ही तळवे धरून त्याच्या मानेखाली सरकवले, बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. मामांनी दोन-तीनदा तसं करून बघितलं. मग हात तसेच ठेवून, वर न बघता त्यांनी तिला विचारलं, "आन् संगं दुसरं कुणीच नसंल, आपुन एकटंच आसू, तवा कसं उचलायचं?"